आरएचसीएसएची (रेड हॅटची लिनक्स प्रशासक परीक्षा) तयारी: रीबूट केल्यावर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं

प्रश्न:
नोकरी सांभाळून रात्री सराव करते. काल व्हर्च्युअल मशीनला नवी डिस्क जोडली, एक्सएफएस फाइलसिस्टीमने फॉरमॅट केली, एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) ओळ टाकली. रीबूट केलं तर नेहमीचं लॉगिनच येईना, इमर्जन्सी मोड (फक्त दुरुस्तीपुरतं सुरू होणं)! शेवटी मशीन पुसून पुन्हा बसवलं. परीक्षेत असं झालं तर काय करायचं?

उत्तर १:
अहो, पुसायची गरज नव्हती. तिथेच रूटचा (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचा) पासवर्ड द्यायचा. रूट फाइलसिस्टीम रीड-ओन्ली असेल तर रीड-राइट रीमाउंट करायची (म्हणजे लिहिता येईल अशी पुन्हा जोडायची), एफएसटॅबमधली ओळ दुरुस्त करायची, रीबूट.
मी आठ वर्षं सर्व्हर सांभाळतोय, तरी एफएसटॅबला हात लावला की रीबूटआधी 'माउंट -ए' (एफएसटॅबमधल्या डिस्क लगेच जोडून बघणारी कमांड) चालवतोच. चूक असेल तर ती तिथेच ओरडते, मशीन चालू असतानाच. 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' पण बघा, ती एफएसटॅब तपासते. आणि डिस्कचं नाव (एसडीबी वगैरे) लिहू नका, यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहा. डिस्क जोडायचा क्रम बदलला की एसडीबीची एसडीसी होऊ शकते.

प्रश्नकर्ती:
ओळ वहीत उतरवली होती, आत्ता पाहिली. एक्सएफएसच्या जागी ईएक्सटी४, म्हणजे दुसरीच फाइलसिस्टीम लिहिलीय! मुद्दाम मोडून पुन्हा दुरुस्त केलं, सहा मिनिटं लागली. खूप आभार.

उत्तर २:
परीक्षेत रीबूटनंतर टिकलं नाही तर केलेल्या कामाचे गुण जातात. सर्व्हिस नुसती स्टार्ट करू नका, 'इनेबल --नाऊ' द्या, म्हणजे ती आत्ताही सुरू होते आणि प्रत्येक बूटलाही. फायरवॉलच्या नियमाला 'पर्मनंट' लावा म्हणजे तो कायम राहतो, मग रीलोड. माझा पहिला प्रयत्न या फायरवॉलनेच खाल्ला.