मदत हवी आहे: सॉशार्कची पिल्लं पोटात असताना आईला करवत लागत नाही का?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी, मी शहाद्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. पोरं प्रदर्शनासाठी सॉशार्कचं, म्हणजे लांब सोंडेच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दात असलेल्या शार्कचं, पोस्टर करतायत. आमच्याकडे समुद्र कुठला, पोरांनी बघितलेले मासे सगळे तापीतले, पण चित्रात लांब सोंडेखाली दोन मिशा दिसल्या तशी लगेच म्हणाली, "सर, हा तर शिंगाळ्यासारखा!" जात घेतलीय ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरची, प्रिस्टिओफोरस सिरॅटस. दीड मीटरपर्यंत वाढते, तळाशी राहते, मिशांनी भक्ष्य हुडकते आणि करवत आडवी फिरवून बारके मासे, कोळंबीसारखे जीव मारते. इथपर्यंत ठीक, पण अंडी पोटातच फुटून जिवंत पिल्लं होतात असं सांगितलं तर सहावीतली एक पोरगी म्हणे, "मग आईचं पोट फाटत नाही का?" इतका चांगला प्रश्न, तिला थातूरमातूर उत्तर द्यायचं नाहीये.
आणि नेटवर शोधलं की निम्मे फोटो तशाच सोंडेच्या करवत माशाचे (सॉफिश) येतात, दोघांतला फरक पोरांना पटकन कसा दाखवू?

धुळेकर:
सर, त्या पोरीला आधी शाब्बासकी द्या. पोटात असताना पिल्लाचे मोठे दात मागे दुमडून सोंडेला चिकटलेले असतात, जन्मल्यावर ते उभे राहतात, म्हणून आईला इजा होत नाही. गर्भ साधारण वर्षभर राहतो, एका वेळी 3 ते 22 पिल्लं, प्रत्येक जवळपास फूटभर लांब.
ओळखायला आधी कल्ले बघायचे. सॉशार्कचे डोक्याच्या बाजूला, करवत माशाचे खाली पोटाकडे, कारण तो शार्क नाहीच, पाकटांच्या (स्टिंगरेसारख्या चपट्या माशांच्या) गटातला आहे. मिशा फक्त सॉशार्कला. करवतीचे दातही सॉशार्कचे लहान-मोठे मिसळलेले, करवत माशाचे बरेचसे सारखे. करवत मासा 6 मीटरपर्यंत जातो, आपल्या किनाऱ्यावर आता फार दुर्मिळ झालाय, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, हे पोस्टरवर टाकाच टाका.
सहा कल्ल्यांचे सॉशार्कही असतात, 2020 मध्ये मादागास्कर-झांझिबारकडच्या अशा दोन नव्या जाती जाहीर झाल्या. तुमच्या जातीला मात्र पाचच काढा.

तापीकाठ:
लय आभार भाऊ! दात तुटला तर परत येतो का, हे पण आत्ताच एकाने विचारलंय.

धुळेकर:
सॉशार्कला पडलेल्या दाताच्या जागी नवा येतो. करवत माशाचा दात खोबणीत बसलेला असतो, मुळापासून गेला तर परत येत नाही.