वर्गातल्या जोडीदाराची मुलाखत : तुमचे अनुभव लिहा

जून सरत आला की पहिली-दुसरीच्या वर्गात बसायच्या जागा ठरून गेलेल्या असतात. एका अंगणवाडीतली एकीकडे, एका गल्लीतली दुसरीकडे आणि नव्यानं आलेलं मूल कुठंतरी कडेला. ‘स्वतःची ओळख करून दे’ म्हटलं की नाव, इयत्ता, गाव एवढं पाठ म्हटल्यासारखं येतं आणि कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यापेक्षा दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे आणि मग आपली नव्हे, जोडीदाराची ओळख सांगायची, ही पद्धत मला फार मोलाची वाटते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ स्पेन्सर केगन यांच्या सहकारी शिक्षणाच्या, म्हणजे मुलांनी गटांत एकमेकांकडून शिकण्याच्या, रचनांत तिचे तीन टप्पे आहेत : आधी एकानं विचारायचं, मग दुसऱ्यानं, मग दोन जोड्यांनी एकत्र बसून चौघांत सांगायचं. चाळीस मुलांनी एकेक करून पुढं यायचं म्हटलं तर तास पुरत नाही. चौघांच्या गटांत सगळ्यांचं एकाच वेळी होतं.

तुम्ही कोणते प्रश्न ठेवता, कोणते टाळता? शिक्षक, पालक, सगळ्यांनी लिहा.

बीड जिल्हा, जि. प. शाळा, तिसरीची शिक्षिका

आमच्याकडं हे जूनमध्ये एकदा करून भागत नाही. दिवाळीच्या सुमाराला घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. परतलेलं मूल स्वतःच्याच वर्गात पाहुण्यासारखं बसतं. म्हणून तेव्हा पुन्हा जोड्या लावते.

एका मुलीला तिच्या जोडीदारानं विचारलं, “तिकडं दिवसभर काय करायचीस?” ती बोलतच राहिली. कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) धाकट्या भावाला सांभाळणं, बैलांना वाढं (उसाचे हिरवे शेंडे) टाकणं, दुरून पाणी आणणं. त्यानं हे सगळं चौघांत सांगितलं आणि बाकीच्या दोघी तिला बैलांची नावं विचारू लागल्या. तोवर तिचं काय राहून गेलंय एवढंच सगळे बघत होते. तिला काय काय येतं, ते वर्गाला त्या दिवशी कळलं.

‘सुट्टीत कुठं गेलास’, ‘वाढदिवसाला काय मिळालं’, ‘बाबा काय करतात’ हे प्रश्न मी ठेवत नाही. प्रत्येक मुलाकडं ज्याचं उत्तर आहे तेच विचारायचं. ‘तू मला काय शिकवशील?’ हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

पुणे, पालक

आमचा मुलगा बोलताना अडखळतो. वर्गासमोर उभं राहायचं म्हटलं की आदल्या रात्री जेवत नसे. दुसरीतल्या बाईंनी मुलाखतीचे प्रश्न सगळ्यांच्याच घरी आधी पाठवले आणि मुलांना एक नियम सांगितला : जोडीदाराचं वाक्य पुरं होईपर्यंत आपण बोलायचं नाही, शब्द सुचवायचाही नाही. त्याला शहरातल्या बसचे नंबर आणि मार्ग पाठ आहेत, हे वर्गाला जोडीदाराच्या तोंडून समजलं. आता मधल्या सुट्टीत मुलं त्याला येऊन विचारतात, अमुक बस कुठं जाते. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही.

नागपूर, निवृत्त शिक्षिका

जोड्या मुलांवर सोडू नका. मैत्रीण मैत्रिणीलाच धरते. मी जुन्या पोस्टकार्डांचे दोन-दोन तुकडे करून वाटायचे. ज्याच्याकडं दुसरा अर्धा भाग, तो जोडीदार. मूल एकटं उरलं तर तिघांचा गट.

१९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग एकत्र आले आणि शाळांत तणाव वाढला. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी जिगसॉ पद्धत बसवली. धड्याचा एकेक भाग एकेकाकडं. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होत नाही. मुलाखतीतलं बळ मला तेच वाटतं. जोडीदाराचं नीट ऐकलं नाही, तर सांगायला आपल्याजवळ काहीच नसतं. म्हणून मी मुलांच्या बोलण्याआधी ऐकण्याचा सराव घ्यायचे.

पालघर जिल्हा, पहिलीचा शिक्षक

लिहिता येत नसलेल्या मुलांसाठी प्रश्न फळ्यावर चित्रांनी काढतो : घर, ताट, झाड, खेळ. बोट ठेवायचं आणि विचारायचं. दोघंही वारली बोलणारी असतील तर मुलाखत वारलीतच होऊ देतो. सांगताना जमेल तेवढं मराठी, अडलं की जोडीदार मदतीला असतोच. पुस्तकी मराठीतच बोला म्हटलं असतं, तर अर्धा वर्ग दिवाळीपर्यंत गप्प राहिला असता.

न्यू जर्सी, रविवारची मराठी शाळा

आमची मुलं वेगवेगळ्या गावांतून येतात आणि आठवड्यातून एकदाच भेटतात, त्यामुळं ओळख होता होता सत्र संपतं. ‘आजीला काय हाक मारतोस?’ इथून सुरुवात करतो. आजी, माई, नानी, आऊ अशी उत्तरं येतात आणि मुलं लगेच एकमेकांच्या घरात शिरतात. शेवटचा प्रश्न यंदा मुलांवरच सोडलाय : तुम्हाला खरंच जे जाणून घ्यायचंय ते विचारा. परवा एकीनं विचारलं, “तुमचा कुत्रा मराठी ऐकतो का?” उत्तर आलं, “बस म्हटलं की बसतो, ये म्हटलं की येत नाही.” पुढच्या रविवारी कुत्र्याला आणायची परवानगी दोघी मिळून मागताहेत.