अनुभव धागा : ‘सोडायचीय’ ते ‘सोडली’

परभणीकर
सिगारेट-बिडी वाईट, हे कुणी सांगायची गरज उरलेली नाही. पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या इशाऱ्यानंच भरलेला असतो. राज्यात २०२० पासून सुटी विकायला बंदी आहे, तरी टपरीवर सुटीच मिळते आणि घेणाऱ्याला तो इशारा दिसतच नाही. मला विचारायचंय ते वेगळं. ‘सोडायचीय’ असं माणूस वर्षानुवर्षं म्हणतो, मग एके दिवशी खरंच सोडतो. मधे काय घडतं? माझे बाबा सध्या तिथंच अडकलेत. मराठवाड्यातल्यांनी जरूर लिहा.

लातूर, अडतीवर मुनीम
ताई, सविस्तर लिहितो. मोंढ्यात सौदा निघाला की चहा, चहा आला की सिगारेट. दर एक जानेवारीला सोडायचो नि संक्रांतीच्या आत पुन्हा सुरू. आपलं मनच कच्चं, असं धरून चाललो होतो. खोकल्यासाठी सरकारी दवाखान्यात गेलो, तिथून तंबाखूमुक्ती केंद्रात पाठवलं. तिथल्या मॅडमनी विचारलं, “उठल्यावर पहिली किती वेळात लागते?” म्हटलं, चूळ भरायच्या आधी. त्या म्हणाल्या, “मग काका, हे नुसतं मनाचं नाही. शरीराला निकोटिन लागलंय. त्यावर उपचार आहे.” माझा निर्धार तिथं झाला. इतकी वर्षं स्वतःलाच बोल लावत होतो.

सोयाबीनची आवक जोरात असताना झेपलं नसतं, म्हणून दिवाळीनंतरची तारीख धरली. हमालांपासून शेठजींपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं, मला कुणी काडी द्यायची नाही. डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घेतलं. ते सलग चघळायचं नसतं. जिभेला चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं. तोंडात असताना चहा नाही, आधीची पंधरा मिनिटंही नाही. त्यामुळं चहा-सिगारेटची जोडीच फुटली. तिसऱ्या दिवशी मात्र डोकं ठिकाणावर नव्हतं, हिशेबाच्या पट्टीवरची बेरीज लागेना. शेठजींनी वही काढून घेतली नि म्हणाले, “घरी जा, उद्या बघू.” तो आधार फार मोठा होता.

बीड, ऊसतोड
आमची बिडी. मागल्या हंगामात कोपीत बसून ओढायलो होतो, ठिणगी पाचटावर पडली. आत लेकरू झोपलेलं. बायकोनं घागर ओतून इझवली. मला एक शब्द बोलली नाही. बंडल तिच्यासमोरच चुलीत घातलं. आता गाडी भरून झाली की समदे बिडी पेटवतेत, तवा मी बैलांकडं जातो. तलफ पाच-धा मिनिटंच ऱ्हाती. तेवढा येळ निघला की झालं.

जालना, कारखान्यात फिटर
एकच सांगतो. सिगारेट सुटली म्हणून तंबाखू-चुना धरू नका. आमच्या पाळीत असे कैक आहेत. निकोटिन तेच, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती वर.

अंबाजोगाई, नर्स
परभणीकर ताई, बाबांना रोज ‘सोडली का?’ विचारू नका. चिडचिड, झोपमोड पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते, तीन-चार आठवड्यांत उतरते. तेवढे दिवस त्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. एखादी ओढलीच, तर ‘सगळं पाण्यात गेलं’ असं तर मुळीच म्हणू नका. बऱ्याच जणांची दोन-चार प्रयत्नांनंतरच सुटते.

परभणीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मुनीमकाकांचं बाबांना वाचून दाखवलं. चूळ भरायच्या आधीचं ऐकून म्हणाले, “माझंही तसंच हाय.” इतकं त्यांनी याआधी कधी कबूल केलं नव्हतं. पण ‘बिडी हलकी असते, पान आहे ते’ यावर अडून बसलेत.

अंबाजोगाई, नर्स
हलकी नाही. तेंदूपानातून हवा फारशी जात नाही, म्हणून बिडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला जोरात आणि घाईघाईनं झुरके घ्यावे लागतात, त्यामुळं निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही भरपूर आत जातं. हे त्यांना सांगा. आणि १८००-११-२३५६ ही सरकारी मदतवाहिनी मोफत आहे. फोन तुम्ही लावू नका, बाबांनाच लावू द्या.