खायचा नाही, मग गरी टाकायची कशाला?

काठावरचा (धागाकर्ता)

सुट्टीच्या दिवशी दाभोळ खाडीच्या मुखाशी खडपावर (काठच्या कातळावर) उभं राहायला जागा मिळत नाही. पूर्वी तिथे गावातले म्हातारे हातदोरी आणि कोळंबी घेऊन गरवायला (गरीने, म्हणजे गळाने, मासे धरायला) बसायचे. आता पुण्या-मुंबईची मंडळी महागडे रॉड-रील आणि रंगीत लूर (खोटं आमिष) घेऊन येतात. त्याला माझी हरकत नाही, दर्या काही कुणाच्या बापाचा नाही.

हरकत पुढच्या भागाला आहे. जिताडा लागतो. अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर उसळतो, तोंड वासून डोकं झटकतो, पण गरी काही सुटत नाही. दमवून दमवून त्याला काठाला आणतात, लोखंडी पकडीत जबडा धरून उभा लटकवतात. मग मोजपट्टी, चार बाजूंनी फोटो, आणि मासा पाण्यात. फोटोखाली ओळ: 'पकडा आणि सोडा, निसर्ग जपा.'

मी पक्का मासेखाऊ आहे. खाण्यासाठी मारलेला मासा मला समजतो. पण खायचाच नाही त्याला मरणाच्या दारापर्यंत नेऊन परत आणायचं आणि वर दयाळूपणाची पावती फाडायची, हे पटत नाही. 'माशाला काय कळतंय' म्हणणाऱ्यांसाठी: लिन स्नेडन यांच्या गटाने २००३ साली ट्राउट माशांच्या ओठांत अ‍ॅसिटिक आम्ल टोचून पाहिलं. मासे ओठ टाकीतल्या खड्यांवर घासत राहिले, बराच वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत. मॉर्फिन दिल्यावर ते घासणं कमी झालं. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्या इराद्याने मासे पकडायला जाणंच नियमाविरुद्ध आहे.

मतं येऊ द्या. शिव्या नकोत.

गरीवाला

शिव्या देत नाही, पण स्वित्झर्लंडचं अर्धंच सांगितलंत. आकाराने लहान किंवा संरक्षित मासा लागला तर तो तिथेही सोडावाच लागतो. म्हणजे सोडणं वाईट असं त्यांचंही म्हणणं नाही.

आता तुमच्या ताटातल्या बांगड्याबद्दल बोलू. तो कसा मेला? पर्ससीनच्या (अख्खा थवा वेढून घेणाऱ्या) जाळ्यात हजारोंच्या गर्दीत चेंगरला, मग बोटीवर तडफडून गुदमरला. त्याच्या ओठांचं कुणी काही मोजलं नाही. माझा जिताडा निदान पोहत परत गेला. वेदनेचाच हिशोब करायचा तर तो बाजारातल्या टोपलीपासून सुरू करा. तिथे तुम्ही गप्प आणि खडपावरच्या माणसावर मात्र धागा!

आणि आम्ही नुसते फोटो काढायला जात नाही. गेल्या मोसमात देवबागच्या बाहेर होडी वाहती सोडून गरवत होतो. तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) लांबवर काहीतरी तरंगताना दिसलं. जवळ गेलो तर टाकून दिलेल्या जाळ्याचा गुंडाळा आणि त्यात ऑलिव्ह रिडले कासव. पुढच्या एका वल्ह्यासारख्या पायाला तंगूस (नायलॉनचा दोर) इतका आवळला होता की कातडीत शिरून आतलं पांढरं दिसत होतं. पाठीवर शिंपल्यांची पुटं चढलेली, म्हणजे बिचारं बरेच दिवस तसंच वाहत असणार. तांडेलाने त्याला कवचाच्या कडेला धरलं, मी गरी काढायच्या पक्कडीने एकेक धागा तोडला. मध्येच त्याने फुस्स करून श्वास सोडला तो थेट माझ्या तोंडावर, शेवाळाचा आणि कुजक्या मासळीचा वास. सुटल्यावर पहिल्यांदा गोल गोल फिरलं, दुखरा पाय चालेना. मग खाली गेलं.

आम्ही गरवायला गेलो नसतो तर ते कुणी पाहिलं असतं? दर्यावर जाणाऱ्यालाच दर्याची काळजी लागते.

तांडेलाची लेक

गरीवाला दादा, कासव सोडवलंत, बरं केलंत. पण ते पाहायला तुम्हीच हवे होतात असं नाही. आमची माणसंही सोडवतात, आणि तेही स्वतःचं नवं जाळं कापून. २०१८ च्या डिसेंबरपासून सरकारने त्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई ठेवली आहे. त्याच्या आधी सोडवायचे ते फुकटातच. त्यांचे फोटो कुठे दिसले नाहीत, कारण एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात कासव असताना मोबाईल कोण धरणार?

आणि तंगूस म्हणाल तर खडपावर एकदा अनवाणी चालून बघा. लूर अडकला की तुम्ही लोक दोर तोडून मोकळे होता. तो तिथेच राहतो, ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जाणाऱ्या बायकांच्या पायात येतो. त्याला गरी असेल तर विचारूच नका.

तरी काठावरच्या काकांची बाजू मी घेणार नाही. माझ्या भावाची फायबरची होडी आहे. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे गोळा करणाऱ्या बोटींनी रात्रीत मासळी उपसून नेल्यावर, बंदी कागदावर आहे बरं का, दिवसाच्या जाळ्याला डिझेलचाही खर्च सुटत नाही. अशा वेळी गरवणारं गिऱ्हाईक आलं तर त्याची चूल पेटते. पहिल्यांदा त्याने घरी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "मासो परत दर्यात टाकल्यानी आणि वर पैशे दिल्यानी? खुळे मरे!"

निव्वळ खवय्या

जिताडा सोडला? सोडला?? कुठे सोडला ते नीट लिहा, भरती-ओहोटीच्या वेळेसकट. बाकी चर्चा चालू द्या.

ब्रिस्बेनकर

इथे क्वीन्सलंडमध्ये जिताड्यालाच बॅरामंडी म्हणतात, मासा तोच. नियम साधा आहे: ५८ सेंमीपेक्षा लहान असेल तर सोडा आणि १२० सेंमीपेक्षा मोठा असेल तरीही सोडा. मधला हवा तर घरी न्या. त्यातही पूर्व किनाऱ्यावर प्रजननाच्या महिन्यांत बंदी.

मोठा सोडायचं कारण असं की जिताडा आधी नर असतो, पुढे वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे जवळपास सगळे मादीच, आणि एकेकीच्या पोटात लाखो अंडी. आपल्याकडे नेमका उलटा कारभार. मोठा मिळाला की गावभर मिरवणूक आणि वाटे. त्यामुळे धाग्याचा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. 'खाणार की सोडणार' याच्याऐवजी 'कुठला खाणार, कुठला सोडणार' असं विचारा.

प्रवाळ

मत्स्यशास्त्र शिकतो आहे, म्हणून थोडं पाणी गढूळ करतो. ब्रिस्बेनकर, तुमचा नियम जिताड्याला बरोबर. गोबऱ्याला (ग्रूपर माशाला) तोच लावलात तर फसाल. बरेचसे गोबरे आधी मादी असतात आणि मोठेपणी नर होतात. मोठे मोठे वेचून नेले की नरच कमी पडतात. एक पट्टी सगळ्या माशांना चालत नाही.

गोबरा सोडण्याचंही तसंच. पंधरा-वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोलीवरून सरसर वर ओढला की आतली हवेची पिशवी फुगते. जठर तोंडातून बाहेर येतं, गुलाबी फुग्यासारखं, डोळे बटबटीत. असा मासा तुम्ही प्रेमाने पाण्यात सोडता आणि तो उलटा तरंगत राहतो. वर घिरट्या घालणारी घार त्याला उचलते. याला सोडणं म्हणायचं का? जबड्याला वजन अडकवून त्याला पुन्हा खोलीवर पोचवायची साधनं मिळतात, पण आपल्याकडच्या किती होड्यांवर ती आहेत? नसतील तर खोल पाण्यातला गोबरा सरळ घरी न्या आणि त्यानंतर गरी टाकू नका. दुसरा लागला तर त्याचंही तेच होणार आहे.

जिताडा उथळ खाडीतला, म्हणून तो बऱ्यापैकी तगतो. तरी अटी आहेत. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळ निघते आणि तीच त्याची राखण. बारीक दोरावर अर्धा तास खेळवण्यात मर्दुमकी नाही. दमछाक झालेला मासा सुटल्यावरही मरू शकतो, आणि उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी असल्याने जास्तच. मोठा मासा पकडीत उभा लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या.

काठावरचा यांना एकच सांगेन. स्नेडन यांचे निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाहीत. माशाच्या मेंदूत नवबाह्यक (निओकॉर्टेक्स, सस्तन प्राण्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर) नाही, म्हणून त्याला आपल्यासारखी वेदना जाणवत नाही, असा दुसरा पक्ष आहे. मला स्वतःला स्नेडन यांची बाजू जास्त पटते.

काठावरचा

प्रवाळ, आभार. पण तुमच्या प्रतिसादातून माझाच मुद्दा पक्का होतो. इतक्या अटी पाळून सोडणारे किती? मी खडपावर पाहतो तेव्हा मासा तापलेल्या कातळावर उड्या मारत असतो आणि मालक मोबाईल कुणाच्या हातात द्यायचा ते शोधत असतो.

शिवाय एक गोष्ट कुणीच बोललं नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती यांत्रिक नौकांना. काठावरून गरवणाऱ्याला ती लागू नाही. आणि जिताडा अंडी घालायला खाडीच्या मुखाशी येतो तो याच पावसाळ्यात. म्हणजे कोळ्याची बोट शाकारून ठेवलेली आणि हौशी माणूस बरोबर त्या तोंडावर लूर फेकत उभा! खरंच निसर्ग जपायचा असेल तर ते दोन महिने रॉड माळ्यावर टाका.

गरीवाला

कातळावर उड्या मारू देणारे आमच्यातही शिव्या खातात. काटे दाबायचं मान्य, लटकवायचं बंद करायचंही मान्य. तुटलेल्या दोराबद्दल ताई म्हणतात ते खरं आहे, निदान हाताला येईल तेवढा तरी गोळा करून न्यायलाच हवा.

पावसाळ्याचं मात्र मान्य नाही. जिताडा चढतोच तेव्हा. आम्ही थांबायचं आणि त्याच मुखाशी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारा पोटात अंडी असलेली मादी बाजारात विकणार, तर वाचलं काय? २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत पकडायचं नाही वगैरे. तरी बाजारात तळहाताएवढी पापलेटं वाट्यावर विकली जातात आणि लोक घासाघीस करून नेतात. आधी ते थांबवा, मग माझा रॉड माळ्यावर टाकायचं बोला.

काठावरचा

म्हणजे दुसरा थांबेल तेव्हा मी थांबेन. पर्ससीनवालेही हेच म्हणतात.

तांडेलाची लेक

काका, ते दोन महिने काठावरून गरवणं थांबवा म्हणता, मग नियम सगळ्यांना सारखाच ना? मग आमच्या आजोबांचं काय करायचं? होडीवर जाणं डॉक्टरांनी बंद केलं, तेव्हापासून जून-जुलैत सकाळी छत्री आणि हातदोरी घेऊन धक्क्यावर बसतात. मिळेल ते घरी आणतात, त्यांनी आजवर सोडलेला मासा मी तरी पाहिलेला नाही. त्यांना बंद करा म्हणून सांगायला तुम्ही या. मी लांब उभी राहीन.