मोटरहोमला जोडलेली गाडी रिव्हर्स घेणं: एक फूटही नको, की दहा फूट चालतात? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

टोबार
अमेरिकेत मोटरहोमने, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या वाहनाने, फिरणाऱ्यांना बऱ्याचदा मागे छोटी गाडी लागते. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब वाहन सोडत नाहीत. मोटरहोम कॅम्पग्राउंडवर ठेवायचं आणि पुढे गाडीने जायचं. ही गाडी बरेच जण चारही चाकं जमिनीवर ठेवून टो-बारने, म्हणजे दोन दांड्यांच्या त्रिकोणी जोडणीने, ओढत नेतात. माझं मत असं, की अशी जोडलेली गाडी एक फूटही मागे ढकलू नये. आधी सोडवावी, मग रिव्हर्स घ्यावा.

कारण गाडीच्या पुढच्या चाकांत आहे. चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस वरच्या बाजूने थोडा मागे झुकलेला असतो. त्यामुळे टायर जमिनीला टेकतो ती जागा आसाच्या रेषेच्या जराशी मागे पडते. पुढे ओढताना चाक आपोआप सरळ राहतं, सुपरमार्केटमधल्या ढकलगाडीच्या चाकासारखं. मागे ढकललं की तेच चाक उलटं वळायला बघतं. थोड्याच फुटांत दोन्ही चाकं एका बाजूला पूर्ण वळतात, टायर आडवे घासत जातात आणि खडीचा रस्ता असेल तर टायरच्या कडेला खडीचा ढीग जमतो. टो-बारच्या दोन दांड्यांपैकी एकीवर सगळा दाब येतो. ती जिथे आत-बाहेर सरकते तिथेच वाकते. मोटरहोम इतकं जड असतं, की चालवणाऱ्याला हा विरोध जाणवतही नाही. टो-बार बनवणाऱ्या रोडमास्टर आणि ब्लू ऑक्स या दोन्ही कंपन्यांची सूचना हीच आहे: गाडी जोडलेली असताना रिव्हर्स नको.

सावकाश
कारण बरोबर आहे, पण 'एक फूटही नाही' हे पटत नाही. पेट्रोल पंपावर पुढचं वाहन हललं नाही आणि मागून रहदारी येतेय, अशा वेळी रस्त्यात उतरून जोडणीच्या पिना काढत बसणं जास्त धोक्याचं आहे. चार अटी पाळल्या तर आठ-दहा फूट मागे येता येतं. मोटरहोम आणि गाडी एका रेषेत हवी. जमीन सपाट आणि पक्की हवी. गाडीत माणूस बसवून स्टिअरिंग धरून ठेवायचं, चावी अशा जागी की स्टिअरिंग लॉक उघडं राहील. आणि वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी. बाहेर उभ्या तिसऱ्या माणसाने हात वर केला की तिथल्या तिथे थांबायचं.

टोबार
तुमच्या चार अटी एकत्र जुळतात कधी? अडकायला होतं ते वळणावरच. टो-बारचा त्रिकोण गाडीच्या बेसप्लेटला (गाडीच्या पुढच्या भागाला पक्क्या बसवलेल्या धातूच्या आधाराला) दोन ठिकाणी बसतो, म्हणून बार आणि गाडी मिळून आडवं न वळणारा एकच तुकडा होतो. वळायची जागा फक्त मोटरहोमच्या हिचपाशी, म्हणजे त्याच्या मागच्या जोडणीपाशी. मोटरहोमचं शेपूट जरा डावीकडे गेलं की गाडीचं नाक त्याच्याबरोबर ढकललं जातं. त्या क्षणी स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं तर टायर घासणारच. म्हणजे आत बसलेल्याला नुसतं धरून चालत नाही, स्वतः रिव्हर्स घेत असल्यासारखं मोटरहोमच्या मागे मागे वळवावं लागतं. इंजिन बंद म्हणून पॉवर स्टिअरिंग नाही, आणि समोर दिसते ती मोटरहोमची पाठ. चाकाने झटका दिला आणि अंगठा स्टिअरिंगच्या दांडीत असला तर मुरगळतो.

शिवाय नुकसान तिथेच दिसेल असं नाही. बेसप्लेटच्या जोडाला केसाएवढी चीर पडली तर ती पुढे हायवेवर उघडी पडू शकते. गाडी सोडवायला लागणारी चार मिनिटं वाचवायला हा धोका का पत्करायचा?

ट्रेलरवाला
दोघंही चुकीच्या जोडणीवर वाद घालताय. गाडी अख्खी सपाट ट्रेलरवर चढवा. वळायची जागा एकच राहते आणि रिव्हर्स शिकता येतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला हवं त्याच बाजूला हात न्या. थोडंच वळवा, थांबा, बघा. फक्त पुढची दोन चाकं उचलणारी डॉली मात्र घेऊ नका. तिच्यात हिच आणि गाडी बसते तो भाग अशा दोन जागी वळण असतं, काही फुटांतच सगळं दुमडतं. ट्रेलर-डॉली भाड्याने देणारी यू-हॉल कंपनीसुद्धा डॉली जोडून रिव्हर्स घेऊ नका असंच सांगते.

टोबार
डॉलीबद्दल पूर्ण सहमत. ट्रेलरचं वजन मात्र धरा. बऱ्याच पेट्रोल मोटरहोमच्या हिचची ओढायची मर्यादा ५,००० पौंड. २०१४ची होंडा सीआर-व्ही साडेतीन हजारांच्या आसपास, त्यावर स्टीलचा ट्रेलर दोन हजारांच्या घरात. झाली मर्यादा पार. आणि कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर रिकामा ट्रेलर ठेवायला जागा शोधा.

यार्डातला
उसाच्या पट्ट्यातले ट्रॅक्टरवाले ट्रॉली सहज मागे लावतात, मग इथे काय अडलं, असं कुणाला वाटेल म्हणून लिहितो. दोन चाकी ट्रॉली म्हणजे वरचा ट्रेलरच, वळण एकच. चार चाकी ट्रॉलीला दोन वळणं, त्यामुळे ती अवघड. पण तिचा पुढचा आस थेट दांडीलाच जोडलेला असतो, दांडी वळेल तसा तो वळतो. ओढलेल्या गाडीची पुढची चाकं दांडीचं ऐकतच नाहीत. म्हणून ट्रॉली मागे घ्यायचा हात बसलेला असला तरी इथे उपयोग नाही. मी टोबार यांच्या बाजूने.

सावकाश
दहा फुटांवरून मी तीन फुटांवर यायला तयार आहे, शून्यावर नाही. पण सोडवणं चार मिनिटांचं, हेही नेहमी खरं नसतं. तीव्र वळणात थांबलात तर एका दांडीवर ताण राहतो आणि दांडी जागी अडकवणाऱ्या लॉकचा खटका जागचा हलत नाही.

टोबार
हा मुद्दा रास्त आहे, म्हणून क्रम नीट लिहितो. मोटरहोमचा पार्किंग ब्रेक, धोक्याचे दिवे. मग गाडीचा हँडब्रेक, आणि तो काहीही सोडवण्याआधी. जीप रँग्लर ओढताना ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) न्यूट्रलला असतो, त्यामुळे गिअर 'पी'वर दिसला तरी चाकं मोकळीच असतात. हँडब्रेक न लावता पिन काढली तर गाडी चालू लागेल. उतार असेल तर उताराच्या बाजूने टायरला लाकडी ठोकळा. त्यानंतर वायर, ब्रेकअवे केबल (गाडी वाटेत सुटली तर तिचे ब्रेक लावणारी), सेफ्टी केबल, आणि शेवटी दांड्या.

खटका अडकला तर हातोडी मारू नका, तो एकदम सुटून बोटांवर येतो. सपाट जागी गाडीत बसा, ब्रेकवर पाय ठेवून हँडब्रेक सोडा, स्टिअरिंग दोन्हीकडे हलवा, गाडी दोन-चार इंच सरकू द्या, पुन्हा हँडब्रेक. ताण गेला की खटका दोन बोटांनी उघडतो. परत जोडल्यावर सरळ रेषेत हळू पुढे जा, दोन्ही दांड्या लॉक झाल्याचा आवाज ऐका, आणि तरीही उतरून दोन्ही खटके डोळ्यांनी बघा. एकच दांडी लॉक होऊन निघालात तर गाडी मागे तिरकी चालते.