अकरावी सायन्स: पोरीला म्हशीचं वेड, मॅथ्स ठेवावं का सोडावं?

कागलची_आई
नमस्कार. मुलगी दहावी झाली, ८७ टक्के. सायन्स नक्की आहे पण ग्रुपवरनं, म्हणजे बायो घ्यायचं का मॅथ्स, घरात रोज वाद. आमच्याकडे सहा म्हशी. गेल्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता एक म्हैस अडली, रेडकाचे पाय उलटे आलेले, डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घातलेला आणि ही बॅटरी धरून उभी, जरासुद्धा हलली नाही. तेव्हापासून जनावरांची डॉक्टर होणार म्हणून बसलीय. ह्यांचं म्हणणं वेगळं, ते शिरोली एमआयडीसीत, त्यामुळं मॅथ्स सोडायचं नाही, इंजिनिअरिंगला घालायची. क्लासवाले म्हणतात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही घ्या. मॅथ्सला ९१ आहेत तिला पण आवडीनं काय करत नाही. कुणाचं ऐकू?

शिरवळकर_३रं_वर्ष
काकू मी शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजलाच आहे. जनावरांच्या डॉक्टरकीला पण मेडिकलवाली NEET (नीट) परीक्षाच द्यावी लागते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोचे, उरलेले फिजिक्स केमिस्ट्री १८०-१८०. मॅथ्सचा पेपर नाही, पण फिजिक्समध्ये गणितंच असतात, ९१ वाली पोरगी तिथं मार खाणार नाही. कोर्स साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. बॅटरी धरली हे भारी, पण पहिल्या वर्षी म्हैस कमी आणि तिची हाडं जास्त बघायला मिळतात, हे तिला आधीच सांगा.

उद्यमनगर_लेथ
वहिनी, दुधाचं म्हटलं की सगळी डॉक्टरकीच धरून बसतात बघा. डेअरीवर फॅट लावताना पोरीनं रोज बघितलंय, पण पुढं टँकर जातोय कुठं? चिलर, पाश्चरायझर, पावडर प्लँट, ते सगळं चालवायला बी.टेक डेअरी टेक्नॉलॉजीवाली माणसं लागत्यात. त्याला मॅथ्स पायजे आणि सीईटी, म्हंजे राज्याची प्रवेश परीक्षा पायजे, सीईटीत २०० पैकी १०० मार्क मॅथ्सलाच हायत. कॉलेजं लांब हायत, उदगीर नायतर पुसदजवळ वरुड. म्हंजे म्हैस तीच ओ, तिच्या अलीकडं बायो आन पलीकडं मॅथ्स! भाऊजींना सांगा, कास्टिंगच्या धुरापेक्षा दुधाचा प्लँट बरा, मी २० वर्षं धूर खाल्लाय.

केमिस्ट्रीवाले_सर
ताई, ज्युनिअर कॉलेजला बरीच वर्षं शिकवलंय म्हणून सांगतो. मॅथ्स सोडलं की ओझं उतरलं असं पालकांना वाटतं, पण बोर्डाला विषय सहा द्यावेच लागतात. इंग्रजी, मराठी किंवा त्याजागी आयटी, आणि चार पर्यायी. मॅथ्स काढलं तर तिथं भूगोल नाहीतर दुसरं काहीतरी येणारच. आणि खरी गोम अशी की पुष्कळ कॉलेजात सायन्सला भूगोल शिकवायला माणूसच नसतो, मग फॉर्मवर पोरगी मुकाट्यानं मॅथ्स लिहून येते. तेव्हा कॉलेजचं नाव ठरवायच्या आधी ऑफिसात जाऊन विचारा, चौथ्या विषयाला काय काय आहे म्हणून.
क्लासवाले चारही म्हणणारच, फी चार विषयांची मिळते! चारही विषय बोर्डाला ठेवणं वेगळं आणि चारहींची एन्ट्रन्स तयारी करणं वेगळं. मॅथ्स बोर्डापुरतं ठेवून जोर नीटवर लावणारी पोरं बघितलीत, निभतं. नीट आणि सीईटीचे दोन्ही ग्रुप (मॅथ्सचा आणि बायोचा) असं तिन्हीकडं पळणारी मात्र दिवाळीनंतर दमतात. बीएस्सी ॲग्रीला दोन्ही ग्रुप चालतात, सीईटीवर मिळतं आणि त्याचं सरकारी कॉलेज कोल्हापुरातच आहे, तेवढी एक वाट हाताशी राहू दे. सोडलेला विषय वर्षभरानं परत घेणं फार अवघड जातं, एवढं लक्षात ठेवा.

कागलची_आई
सगळ्यांचे आभार. रात्री जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. हे पाश्चरायझरवर जरा गप्प झाले, एवढ्या वर्षांत ते कधी गप्प झाले नव्हते. पोरगी म्हणती, प्लँट बघायला येते की, पण रात्री दोनला प्लँट अडतोय का? मग मी बायोच घेणार. मॅथ्सचं सोमवारी कॉलेजात जाऊन विचारते, भूगोलाला सर आहेत का ते.

उद्यमनगर_लेथ
अगं बाळा, प्लँट बी रात्री दोनलाच अडतोय, मला विचार की!