ओढ्यात पोहणारा उंदीर: खरा पाणउंदीर की साधाच?

ओढाकाठ_नाशिक
इगतपुरीकडच्या एका ओढ्यात तिन्हीसांजेला उंदीर पोहत येऊन खेकड्याच्या कपारीत शिरला. फोटो लांबून घेतलेला, धूसर आहे. इक्वेडोरच्या अँडीजमध्ये ॲनोटोमिस नावाचा पाण्यात शिकार करणारा उंदीर असतो, तसला काही आपल्या सह्याद्रीत असेल का? पुन्हा दिसला तर नेमकं काय बघायचं?

घळ_आणि_धार
नुसत्या पोहण्यावर जाऊ नका. घूस झकास पोहते आणि खेकडेही खाते. ॲनोटोमिस राहतो साडेतीन हजार मीटरच्या आसपासच्या गार, बारमाही ओढ्यांत. आपला साल्हेर १५६७ मीटर. पण उंची सोडा, खरी अडचण पाण्याची. आपले बहुतेक ओढे उन्हाळ्यात डबक्यांवर येतात, आणि हे जनावर जगतं पाण्यातल्या किड्यांच्या अळ्यांवर, तेही बारा महिने.

बघायचं ते मागचं पाऊल. पाणउंदराच्या पावलाच्या कडेला ताठ केसांची झालर असते. पाय मागे रेटला की ती पसरते, पुढे घेतला की मिटते. कान जवळजवळ दिसतच नाहीत (ॲनोटोमिस म्हणजे ग्रीकमध्ये ‘बिनकानाचा उंदीर’). मिशा जाड, पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या. दुर्बिणीतून मात्र सगळ्यात आधी कळते ती लव. साधा उंदीर बाहेर आला की केस भिजून टोकदार झुपके होतात. पाणउंदराच्या दाट लवेत हवा अडकलेली असते, अंग झटकलं की जवळपास कोरडा.

चिखलठसा
आधी चिचुंद्री वगळा, ती उंदराच्या कुळातली नाहीच. पाण्यापासून वीतभर अंतरावर, हातभर लांबीत चाळलेला गाळ बोटभर जाडीचा पसरून सपाट करा. फार ओला राहिला तर ठसा बुजतो, सुकला तर उमटत नाही. बोट दाबल्यावर कड उभी राहिली की जमलं. पुढच्या पावलाची चार बोटं आणि मागच्याची पाच उमटली तर उंदीर, दोन्हीकडे पाच तर चिचुंद्री. उंदराचा पुढचा अंगठा खुंटलेला असतो, त्यामुळे उमटत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून बरोबर वरून फोटो घ्या, तिरक्या फोटोत माप फसतं.

हाताने पकडायला जाऊ नका. उंदराच्या लघवीतून पाण्यात लेप्टो पसरतो. गमबूट घाला, आणि पायाला जखम असेल तर ओढ्यात उतरूच नका.

ओढाकाठ_नाशिक
म्हणजे झालर दिसली की उंदीरच, चिचुंद्री नाही?

घळ_आणि_धार
नाही हो, तिथेच घोटाळा होतो. हिमालयातल्या पाणचिचुंद्रीच्या पावलांनाही झालर असते. एकाच कामासाठी दोघांनी वेगवेगळी कमावलेली. त्यामुळे झालर आणि बोटांची संख्या, दोन्ही बघा. असली जनावरं सहजी हाती लागत नाहीत हेही खरं. इथिओपियात लहान अब्बाय नदीच्या उगमाजवळ १९२७ साली एक पाणउंदीर मिळाला, त्या जातीचा ज्ञात नमुना तेवढाच.

तो धूसर फोटोही टाका इथे. कानाची कड दिसत असेल तर तेवढ्यावरही निकाल लागेल.